गोलीखाला आणि अकरा नंबरची लूझ

दोहात कुठेही फिलिपिनो बाई दिसली, की खाला तिला थांबवायची. मॉलमध्ये काउंटरवर बसलेली मुलगी असो, दवाखान्यातली नर्स असो, नाहीतर लिफ्टमध्ये भेटलेली कुणाची तरी आया असो, खाला आपल्या तुटक इंग्रजीत विचारायची, "युवर कंट्री, लूझ. फुटबॉल प्लेयर. नंबर इलेव्हन. यू नो?" कुणी हसायच्या, कुणी मान हलवायच्या, कुणी घाबरून आपल्या सुपरवायझरकडे बघायच्या. एकीने फार नम्रपणे सांगितलं होतं, की मॅडम, आमच्याकडे लूझ नावाच्या बायका गल्लोगल्ली सापडतील. खालाने ते ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "असतील गो. पण अकरा नंबर एकीचाच व्हता." त्या मुलीला मराठी कुठून कळणार! पण खालाचा चेहरा बघून तिचं हसू मावळलेलं मला आठवतं.

आम्ही दोहाच्या बिन महमूद भागात एकाच मजल्यावर राहायचो. खाला रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावची. नवरा बोटीवर होता. तो वारल्यावर मुलगा इम्रान तिला इकडे घेऊन आला. मी कोल्हापूरची. नवऱ्याच्या कन्स्ट्रक्शनमधल्या नोकरीमुळे कतारला आले आणि अल सद्दमधल्या एका लहानशा ऑफिसात चिकटले. शेजारच्या दारामागून मराठी ऐकू येतंय म्हटल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ते दार वाजवलं. सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करत होते. "मी काय तुझी सासू हाय?" असं विचारून तिनेच ते बंद पाडलं.

इम्रान आल्यागेल्याला आईची ओळख एकाच वाक्यात करून द्यायचा. "अम्मी इंडियाकडून फुटबॉल खेळलीये. गोलकीपर." मग पाहुण्याला भिंतीवरचं जुनं कात्रण दाखवायचा. फोटोत पुरुषी मापाची ढगळ जर्सी घातलेली एक चिखलाने माखलेली मुलगी चार-पाच जणींच्या खांद्यावर बसलेली. एवढ्या लांबून ती हसतेय की रडतेय, ते कळत नसे. पाहुणे माना डोलवायचे. खाला मात्र तेवढ्यात उठून स्वयंपाकघरात जायची. तिची बसायची खुर्चीसुद्धा अशी होती, की ते कात्रण तिच्या पाठीशी यावं. मला वाटायचं, बाई संकोची आहे.

माझी मुलगी इरा तेव्हा सहावीत होती. घरात आम्ही मराठी बोलायचो आणि ती इंग्रजीत उत्तरं द्यायची. इमारतीच्या पार्किंगमध्ये ती एकटीच भिंतीवर बॉल मारत बसायची. एकदा खाला तिथे गेली, भिंत आणि बॉल यांच्यामध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "मार." इराने हळूच मारला. खालाने तो अडवून परत टाकला. "भिंतीला मारतंस तसा मार. मी भिंतीपेक्षा जून हाय." त्या दिवसापासून इरा तिची झाली. पुढे इमारतीतल्या आणि शाळेतल्या इतर मुली आल्या. गोलकीपरला पोरं 'गोली' म्हणतात, म्हणून ती सगळ्यांची 'गोलीखाला' झाली. केरळच्या मुली, हैदराबादच्या मुली, एक सुदानी मुलगी, सगळ्याच तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. शुक्रवारी दुपारची अस्रची नमाज झाली, की पांढरी ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळून ती मैदानावर जायला माझ्या गाडीत येऊन बसायची आणि मी निघायला जरा उशीर केला तर डॅशबोर्डवर बोटं वाजवत म्हणायची, "यल्ला गो, यल्ला."

शिकवणं तिचं कडक होतं. "बॉलकडं बघू नको, तिच्या कमरेकडं बघ. पाय खोटं बोलतो, कंबर बोलत नाय." डोळे मिटणाऱ्या मुलीला ती फार बोलायची. "बॉल डोळे मिटून येत नाय, मग तू कशाला मिटतंस?" पण तिचा सगळ्यात विचित्र नियम वेगळाच होता. कुठेही दोन मुलींची टक्कर झाली, की आपल्या मुलीने आधी समोरच्या मुलीजवळ जायचं. बॉल कुठे गेला ते नंतर. रेफ्रीने शिट्टी वाजवलेली नसली, तरीही. या नियमापायी आम्ही दोनदा गोल खाल्ला. पालक कुरकुरले. एका मुलीचे वडील मैदानातच म्हणाले, की असं खेळून कसं जिंकणार? खालाने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुलींना म्हणाली, "पडलेली पोर आधी. खलास. पुढं बोलायचं नाय."

मैदानावरून परतताना कधी कधी ती जुन्या गोष्टी सांगायची, आणि मी गाडी हळू चालवायचे. कोल्हापुरात फुटबॉलचं वेड घराघरात आहे. पण माझ्या लहानपणी पेठेतल्या संघांचे सामने आम्ही मुली गच्चीवरून बघायचो. मैदानात उतरायचं आमच्या मनातही आलं नव्हतं. म्हणून तिचं बोलणं मला खोटंच वाटायचं. ती मुंबईला मामाकडे शिकायला होती. शाळेतल्या खेळाच्या बाईंनी तिचे लांब हात बघून तिला गोलमध्ये उभं केलं. तिथून निवड, मग मोठी निवड आणि एक दिवस सिंगापूरला जायचं ठरलं. आशियातल्या चार-सहा देशांच्या बायकांची आमंत्रितांची स्पर्धा होती. "संघ म्हंजे काय गो, नावालाच. जर्सी पुरुषांच्या, बूट पुरुषांचे. पुढं कापूस कोंबायचा आन् पळायचं. शाळेच्या वर्गात बाकं सरकवून झोपायचं. जर्सी एकच, ती धुऊन पंख्याखाली वाळवायची." सामनाही पुरुषांपेक्षा आखूड ठेवलेला. बायकांना तेवढं झेपणार नाही, असं कुणीतरी ठरवलेलं. लोक हसायला यायचे. "पहिल्या दिवशी हसायला आले. दुसऱ्या दिवशी तेच लोक रांगेत उभे," ती सांगायची.

तिच्या वडलांना हे मान्य नव्हतं. मामाने पुष्कळ समजूत घातली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जिंकून येणार असलीस तर जा. हरून आलीस तर पुन्हा मैदानाचं नाव नाय." हे सांगताना खाला हसायची, पण गाडीच्या काचेबाहेर बघत. सामन्याची गोष्ट मात्र ती कधीच पुरी सांगायची नाही. "फिलिपिन्सबरोबर जिंकलो. पाऊस व्हता," एवढ्यावर विषय मिटायचा.

एका शुक्रवारी आमच्या मुलींचा सामना एका फिलिपिनो शाळेच्या मुलींशी होता. इरा गोलमध्ये होती. त्यांची एक चपळ मुलगी बचाव फोडून एकटीच आत घुसली आणि इरा तिच्या पायांवर झेपावली. दोघी एकमेकींवर आपटल्या. ती मुलगी पाय धरून ओरडायला लागली. इरा कपाळातून वाहणारं रक्त पुसत, शिकवल्याप्रमाणे आधी तिच्याकडे सरकली. मी धावत आत गेले. खाला माझ्या आधी पोचली होती. पण ती इराजवळ नव्हती. ती त्या दुसऱ्या मुलीची नडगी दोन्ही हातांनी चाचपत होती, आणि ती थांबेना, तेव्हा मुलीच्या कोचने तिचे हात धरून बाजूला केले. "मोडली का? मोडली का गो?" ती मराठीतच विचारत होती. कुणाला काही कळत नव्हतं.

आम्ही दोघींना घेऊन जवळच्या दवाखान्यात गेलो. इराला टाके पडले. त्या मुलीला एक्स-रे काढायला आत नेलं. खाला बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि तिच्या ओठांची हालचाल चालू होती. ती दुवा मागत होती. थोड्या वेळाने दार उघडलं आणि नर्सने सांगितलं, की हाड शाबूत आहे, मुका मार आहे. खालाने डोळे मिटले. मग तिने मला पहिल्यांदा सांगितलं.

"लूझची मोडली व्हती. माझ्याखाली. अशीच एकटी आत आली आन् मी तिच्या पायांवर पडले. आवाज आला गो. पावसातपण आवाज आला. तिला उचलून नेली, आन् मग आमचा सामना संपला, दुसऱ्या दिवशी त्यांचा संघ गेला. ती खेळली का पुन्हा, चालली का, जगली का, कायपण कळला नाय. कोण सांगणार? बायकांच्या फुटबॉलची खबर कोण ठेवत व्हता?"

तेवढ्यात ती नर्स इराचे कागद घेऊन आली. जोसी नावाची, चाळिशीतली, फिलिपिनो. खालाने डोळे पुसले आणि सवयीने तिलाही विचारलं, "युवर कंट्री, लूझ. फुटबॉल. नंबर इलेव्हन." मी जोसीची माफी मागायच्या बेतात होते. पण जोसी हसली नाही. ती थांबली. म्हणाली, की तिच्या आईच्या गावात शाळेत खेळ शिकवणाऱ्या एक बाई होत्या, टीचर लूझ. लंगडत चालायच्या. तरुणपणी सिंगापूरला फुटबॉल खेळले, असं मुलांना सांगायच्या. मुलांना ते खरं वाटत नसे.

खालाने जोसीचं मनगट धरलं ते कागदावर सही करायची वेळ आली तरी सोडलं नाही.

फोन नंबर मिळेपर्यंतचे दिवस वाईट गेले. खाला जेवेनाशी झाली. इम्रानला वाटलं, तब्येत बिघडली. त्याने तिला डॉक्टरकडे न्यायचं काढलं, तर ती त्याच्यावरच ओरडली. मी तिला म्हटलं, "खाला, अपघात होता तो. ती काही बोलणार नाही बघ तुला." खाला म्हणाली, "तुला काय म्हायत?" असा तुटक स्वर तिने माझ्याशी कधी लावला नव्हता.

शनिवारी दुपारी जोसी घरी आली आणि तिने व्हिडिओ कॉल लावून दिला. इम्रान, त्याची बायको, मी, इरा, सगळे भोवती बसलो होतो. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक कोंबडा ओरडला, मग एक सुरकुतलेला गोल चेहरा आला. जोसी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. मग लूझने इंग्रजीत विचारलं, "तू ती गोलकीपर? ती उंच?"

"येस," खाला म्हणाली. "युवर लेग. सॉरी. फॉर्टी इयर्स आय से सॉरी."

लूझने हात झटकला. पाय जुनाच झालाय, म्हणाली. लग्न झालं, मुलं झाली, शाळेत नोकरी केली. लंगड्या बाईला खेळाची शिक्षिका म्हणून घेतलं म्हणून गाव हसलं, पण तिने रिटायर होईपर्यंत शिकवलं. तिचा आवाज खणखणीत होता. मला वाटलं, सुटलं एकदाचं. इम्रानही हसायला लागला होता. मग लूझ पुढे वाकली. पडदाभर तिचा चेहरा आला. ती म्हणाली, "मला एक सांग. मी खाली पडले होते, मला दिसलं नाही. बॉल आत गेला होता का?"

खाली रस्त्यावरून एक गाडी हॉर्न देत गेली. इम्रान म्हणाला, "नाही ना, अम्मी? सामना आपण एक-शून्यने जिंकलो होतो."

"बॉल इनसाइड," खाला म्हणाली. मग परत, जास्त हळू. "फुल इनसाइड. आय टेक बॅक."

आणि मग ती मराठीत बोलायला लागली, कारण तेवढं इंग्रजी तिच्याकडे नव्हतं. मी जमेल तसं इंग्रजीत सांगत गेले. बॉल तिच्या पोटाखालून निसटून रेषेपलीकडे गेला होता. रेफ्री, दोन्ही संघ, सगळे लूझच्या किंकाळीकडे बघत होते. खालाने पडल्या पडल्या हात मागे नेला, बॉल ओढून छातीशी घेतला आणि तशीच पडून राहिली. कुणी बघितलं नाही. शेवटची काही मिनिटं उरली होती. ती संपली आणि भारताच्या मुलींनी तिला खांद्यावर घेतलं. भिंतीवरचा फोटो तेव्हाचा होता.

माझी भाषांतर करण्याची छाती होईना. पण खालाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सांग गो. एक शब्द गाळू नको."

लूझने सगळं ऐकलं. मग ती एकदम वळून घरात कुणालातरी हाका मारायला लागली. एक म्हातारा आला, दोन बाया आल्या, शेजारची माणसं आली. लूझ ओरडत होती, रडत होती, टेबलावर थापा मारत होती. जोसीने आम्हाला सांगितलं, की त्यांच्या संघाने त्या अख्ख्या स्पर्धेत एकही गोल केला नव्हता. लूझ आयुष्यभर घरच्यांना सांगत आली, की मी एक केला होता, आणि आयुष्यभर घरचे हसत आले. "ती म्हणतेय, परत सांग. माझ्या नवऱ्यासमोर परत सांग." खालाने परत सांगितलं. "बॉल इनसाइड. शी गोल. युवर वाइफ गोल."

मग हळूहळू लूझचा चेहरा बदलला. माणसं पांगली. ती शांत आवाजात बोलली आणि आता जोसी खाली मान घालून सांगत होती. "ती विचारतेय, तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मी भ्यायले," खाला म्हणाली. "बापाला भ्यायले. माझा खेळ सुटेल म्हणून भ्यायले." मग म्हणाली, "आन् खेळ मग दोन वर्षांत सुटलाच. लगीन झाला."

मी ते इंग्रजीत सांगितलं. लूझ मग जे बोलली ते इंग्रजीतच बोलली, आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून. "मला एकटीला नको सांगूस. तू लोकांसमोर खांद्यावर बसली होतीस. लोकांसमोर सांग." आणि फोन बंद झाला.

त्यानंतर शेजारच्या घरातून मोठ्याने बोलण्याचे आवाज यायला लागले. इम्रान वाईट माणूस नव्हता. पण आईच्या त्या एका गोष्टीवर त्याचं घर उभं होतं. नेमकं त्याच महिन्यात इथल्या भारतीय मंडळींनी मुलींची स्पर्धा भरवली होती आणि शेवटच्या दिवशी जुन्या खेळाडूचा सत्कार म्हणून खालाचं नाव ठरलं होतं. इम्रानने ऑफिसातल्या साहेबांना, मित्रांना, पार उत्तरेला मदिनत अश शमालला राहणाऱ्या मामेभावाच्या कुटुंबाला, सगळ्यांना बोलावलं होतं. तो माझ्याकडे आला. "वहिनी, तुम्ही तिला समजवा. तिला म्हणावं, आपल्या मोबाइलवर त्या बाईला पुन्हा सॉरी म्हण, दहा वेळा म्हण. पण स्टेजवर? इतक्या वर्षांनी? मी ऑफिसात तोंड कसं दाखवू? भारताचं नाव घेऊन ती सांगणार, की मी चोरी केली?" मला स्वतःलाच कळत नव्हतं, तिने काय करावं.

खालाला विचारलं, तर ती भाकरीचं पीठ मळत होती. म्हणाली, "सत्काराची शाल अंगावर घ्यायची आन् गप बसायचा, ते दोनदा कसा करू मी?"

अंतिम सामना आमच्या मुलींचा आणि त्याच फिलिपिनो शाळेचा होता. इम्रान आला होता, पण आमच्यापासून लांब, साहेबांच्या शेजारी बसला होता. खालाने त्या दिवशी मुलींना एकही शब्द शिकवला नाही. सामन्यात आम्ही हरलो. इरा फार रडली. खालाने तिला कुशीत घेतलं, पण लक्ष स्टेजकडे होतं. जोसी फोन हातात धरून पहिल्या रांगेत उभी होती. पडद्यावर लूझ होती, आणि तिच्यामागे माणसांची दाटी.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने खालाचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. शाल पुढे आली. खालाने शाल हातानेच थांबवली आणि माइक मागितला. त्या मुलाला वाटलं, आभार मानायचे असतील. मी पहिल्या रांगेत होते. मी मागे वळून इम्रानकडे बघितलं. तो उभा राहिला होता.

खाला हिंदीत बोलली, कारण ते सगळ्यांना कळतं. प्रस्तावना केली नाही. "फिलिपिन्स के साथ मॅच था. इनकी लूझने गोल किया था. बॉल लाइन के अंदर था. मैंने हाथ से वापस खींच लिया. किसीने देखा नहीं. मैंने बताया नहीं. वो मॅच हम जीते नहीं थे." तिने जोसीच्या हातातल्या फोनकडे बघितलं. "लूझ का पाँव टूटा, और गोल भी गया. पाँव मैं दे नहीं सकती. गोल वापस देने आयी हूँ."

कुणालाच काय करावं ते कळेना. टाळ्या वाजवायच्या की नाही, लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागून कुणीतरी "अरे, हे काय?" असं मराठीत म्हणाल्याचं मी ऐकलं. एक गृहस्थ उठून निघून गेले. मग फिलिपिनो मुलींच्या रांगेतून एक आरोळी आली. त्यांच्या कोचने बहुतेक त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. जोसीने फोन उंच धरला. त्यात लूझ काय करत होती, ते मला दिसलं नाही. माझे डोळे भरले होते. स्टेजवर खाला माइक परत देत होती आणि तो मुलगा तो घेत नव्हता, शाल कुठे ठेवायची तेच त्याला सुचत नव्हतं.

इम्रान आईशी कितीतरी दिवस बोलला नाही. मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भवति न भवति झाली. कुणी लिहिलं, धाडसी बाई. कुणी लिहिलं, देशाची नाचक्की. भिंतीवरचं कात्रण खालाने स्वतःच्या हाताने काढून कपाटात ठेवलं. इम्रानने तेही बघितलं. लूझचा फोन मात्र यायला लागला. दोघी काय बोलायच्या देव जाणे, खालाच्या इंग्रजीत शंभर शब्द नसतील. पण बोलायच्या खूप. एकदा मी गेले, तर खाला गालिच्यावर आडवी होऊन झेप कशी घ्यायची ते दाखवत होती आणि पडद्यावर लूझ हसून हसून खोकत होती.

वर्षभराने खाला गावी परत गेली. गुडघे दुखायचे, खाडीची आठवण यायची, आणि घरातला अबोला संपला तरी त्याची थंडी उरली होती. निघताना मुलींनी रडून गोंधळ घातला. तिने प्रत्येकीला वेगळं काहीतरी सांगितलं. इराच्या कानात काय सांगितलं ते इराने मला अजून सांगितलेलं नाही. इम्रान तिला विमानतळावर सोडून आला आणि दार लावून घेतलं.

यंदाच्या थंडीत ती गेली. झोपेतच गेली, असं इम्रान म्हणाला. तो गावी जाऊन, सगळं करून परत आला तेव्हा खूप वाळला होता. लूझला मीच कळवलं. पलीकडे कोंबडा तेवढा ओरडत होता. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

महिन्याभराने इम्रानने माझं दार वाजवलं. लूझची नात इथल्या एका हॉस्पिटलमध्ये नोकरीला येत होती. खालाने जाण्याआधी लूझला शब्द दिला होता, की माझा मुलगा तिला न्यायला येईल. "अम्मीने मला सांगितलं होतं. तेव्हा मी हो-नाही काहीच म्हटलं नाही," तो म्हणाला. "वहिनी, तुम्ही याल का बरोबर? मला बोलायला काही सुचणार नाही."

आम्ही तिघं गेलो. इराने घरी थांबायला साफ नकार दिला होता. इम्रान नावाचा कागद छातीशी धरून कठड्याला टेकून उभा होता. दर वेळी काचेचं दार सरकलं, की तो ताठ व्हायचा. शेवटी एक मुलगी आली, बावीस-तेवीसची, पाठीवर मोठी सॅक, हातात दोन पिशव्या. कागद बघून ती थांबली. आधी इम्रानकडे, मग माझ्याकडे, परत इम्रानकडे बघून तिने भीत भीत विचारलं, "तुम्ही गोलकीपरचा मुलगा?"

इम्रानने कागदाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या.

"हो," तो म्हणाला. "तुझ्या आजीने गोल केला होता. माझ्या आईने सगळ्यांसमोर सांगितलं. मी होतो तिथे."